आत्याच्या फिर्यादीतली पहिली ओळ

फिर्याद मी लिहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या कागदाच्या पहिल्या ओळीमुळं झालं, आणि ती ओळ दुसऱ्या कुणी घातली नव्हती.

आमचं गाव सोनपेठच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. वस्ती गावाच्या खालच्या बाजूला. वस्तीत बौद्धांची घरं जास्त, मांगांची थोडी, आणि त्या मांगांतली सहा घरं आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. घंटा म्हणून दारात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. लोखंडी पहारीनं वाजवायचा. पाळकसाहेब तालुक्याहून सायकलीनं यायचे. ते आले नाहीत तर उपासना दादा चालवायचे. दादा म्हणजे माझे वडील. त्यांना वाचता यायचं, अडखळत. लिहिता यायचं नाही.

आत्या दादांची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन परत आली ती आमच्यातच राहिली. गावाची सुईण तीच. चर्चची झाडलोटही तीच करायची. चर्चमध्ये एक लाकडी फळा होता. दर शनिवारी मी त्यावर रविवारचं वचन खडूनं लिहायची. सातवीपासून ते काम माझं. आत्या भिंती झाडायची, जाळी काढायची, फळ्याची चौकट पुसायची, पण फळ्याला फडकं लावायची नाही.

"तुजं लिवलेलं मी कसं पुसू? तूच ये अन् पूस."

"आत्या, ते पुसायसाठीच असतं."

"असंल. मी न्हाई पुसणार."

मी कॉलेजला गेले तेव्हा शेवटचं वचन चार महिने फळ्यावर होतं. दिवाळीच्या सुट्टीत आले तर पाळकसाहेब म्हणाले, "अगं, चार महिने झाले, तुझी आत्या आम्हाला एकाच वचनावर ठेवायलीय. हात लावू देत नाही." सगळे हसले. आत्या पण हसली. मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू.

कॉलेज मी फी माफीवर केलं. फी माफीला जातीचा दाखला लागतो. माझ्या दाखल्यावर 'हिंदू मांग' असं होतं. पहिलीत नाव घालताना हेडमास्तरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ख्रिस्ती लिहिलंस तर पोरीला काही मिळायचं नाही, बघ." दादांनी बघितलं. पाळकसाहेबांना ते ठाऊक होतं. सहाही घरांच्या लेकरांचं तसंच होतं. रविवारी आम्ही ख्रिस्ती, शाळेच्या रजिस्टरात हिंदू. त्यावर कुणी बोलायचं नाही. दाखला पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात खाली, वर लुगडी.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मी चौथीत होते. आसपासच्या गावांत बौद्धांची घरं जाळली. शेजारच्या गावातली काही माणसं लेकराबाळांसकट आमच्या चर्चमध्ये येऊन राहिली. किती दिवस, ते नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तालुक्याच्या उर्दू शाळेचे मास्तर दोन टोपल्या भाकरी घेऊन यायचे, पाळकसाहेब दारात उभे राहून त्या मोजून आत द्यायचे, आणि माणसं बोलायची नाहीत. ते दोघं आणि बौद्ध समाजातले एक तरुण वकील, त्यांची तिथं ओळख झाली. पुढं कुठं काही झालं की हे तिघं मिळून जायचे. शहरातल्या एक सिस्टरही त्यांना येऊन मिळाल्या. त्यांच्याकडं जीप होती आणि टाइपरायटर होता. लोक या सगळ्यांना समिती म्हणायचे.

मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात वस्तीतली विहीर तळाला गेली. मारुतीच्या पारापाशी सरकारी हापसा होता. सरकारी म्हणजे सगळ्यांचा. पण आमच्या बायका तिथं घागरी बाजूला ठेवून उभ्या राहायच्या. गावातलं कुणी आलं, त्याला वाटलं, तर तो दांडा मारून घागर भरून द्यायचा. दांड्याला आमचा हात लागायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आत्या गेली तर हापशावर कुणी नव्हतं. ती थांबली. ऊन डोक्यावर यायला लागलं. मग तिनं स्वतःच दांडा मारला. हापशासमोर ज्याचं घर आहे तो माणूस बाहेर आला. चार एकरांचा मालक, तसा साधाच. जातीवरून बोलला, आणि बैलगाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसून त्यानं तिच्या हातावर मारलं. उजवं मनगट मोडलं. त्याची दोन्ही लेकरं आत्याच्या हातात जन्मली होती. दोन्ही वेळा बाळंतिणीच्या खोलीतलं पाणी आत्यानंच तापवलं होतं.

आत्या घरी आली ती मोकळ्या हातानं. घागर तिथंच राहिली. दादांनी दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. परत आल्यावर ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मला दुसरं काय नको. त्याला कोर्टात उभं करा. लोकांसमोर त्याला कुणीतरी इचारावं, का मारलंस म्हणून. अन् मला ते बघायचंय."

एवढंच तिचं मागणं होतं. पुढची तीन वर्षं ते बदललं नाही.

पाळकसाहेब म्हणाले, ठाण्यात तोंडी सांगितलं तर ते हवं तसं लिहितील. आपण लेखीच देऊ. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कागद घेतला, मांडीवर पाट घेतला आणि लिहायला बसले. ठाण्यातले जबाब कसे सुरू होतात ते मला माहीत होतं. मी, अमुक, वय अमुक, जात अमुक, धंदा अमुक. 'जात' हा शब्द आल्यावर मी थांबले. पाळकसाहेब शेजारी होते. लहानपणापासून रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलं होतं की आपल्याला जात नाही, ती आजोबांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडली. मी 'जात' लिहिलंच नाही. 'धर्म ख्रिस्ती' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. पाळकसाहेबांनी वाचलं आणि मान हलवली. मला वाटलं शाबासकी दिली. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, मी पुढचं वाचत होतो.

एसटीनं ठाण्याच्या गावी गेलो. जमादारानं कागद घेतला, पहिली ओळ वाचली आणि मला म्हणाला, "तू लिहिलंस?"

"हो."

"शिकलेली दिसतीस. ख्रिस्ती? नक्की ना?"

"नक्की."

"अन् जात?"

"जात नाही आम्हाला."

"बरं," तो म्हणाला. "न्हाई तर न्हाई." आणि हसला. मला वाटलं, मी त्याचं तोंड बंद केलं.

अंगठा द्यायचा होता. बाईचा उजवा अंगठा घ्यायची पद्धत. आत्याच्या उजव्या हाताला प्लास्टर, अंगठा तेवढा बाहेर. डावा चालणार नाही म्हणाला. तिनं प्लास्टरसकट हात उचलून शाईच्या डबीवर टेकवला. प्लास्टरच्या कडेला निळा डाग पडला. तो प्लास्टर निघेपर्यंत होता.

त्या माणसाला दुपारी पकडून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो जामिनावर घरी आला. संध्याकाळी हापशापाशी बसून विडी ओढत होता. दादांनी पाहिलं.

चार दिवसांनी समिती आली. चर्चमध्ये सतरंजी टाकली. सिस्टर, पाळकसाहेब, उर्दू शाळेचे मास्तर, वकीलसाहेब. आत्या भिंतीला टेकून बसली, दादा दाराशी. मी फिर्यादीची प्रत वकीलसाहेबांच्या हातात दिली. कार्बन लावून ठेवली होती. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि कागद मांडीवर ठेवला. पुढचं वाचलंच नाही.

"हे कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, मी.

"बाई, मी चार दिवस उशिरा आलो तर तुम्ही हे काय करून ठेवलं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. दलितांवरच्या अत्याचाराविरुद्ध नवीन कायदा आला होता. त्याखाली गुन्हा लागला असता तर इतका सहज जामीन मिळाला नसता, खटला जिल्ह्याच्या खास कोर्टात चालला असता. पण त्या कायद्याच्या लेखी ख्रिस्ती माणूस दलित नाही. "जातीवरून मारलं हे कागदावर यायला मार खाणाऱ्याला जात पाहिजे," ते म्हणाले. "ती तुम्ही काढून टाकली. आता ही साधी हाणामारी झाली. बांधावरून होते तशी."

आत्या म्हणाली, "पर मारताना तर त्यानं जातच काढली की. त्याला कुठं ठाव न्हवतं मी चर्चात जाती म्हणून? रोज घंटा ऐकतो."

"त्याला ठाऊक आहे, मावशी. कायद्याला नाही."

मास्तर दाढी खाजवत म्हणाले, "मी तर म्हणणार होतो, त्यापेक्षा आमच्याकडं या. पर आमच्यात बी हाच लफडा हाय. मशिदीत आलं की जात गेली, अन् गावात गेलं की परत आली." कुणीतरी हसलं. मास्तरांनीच विडी काढली आणि चर्च आहे हे आठवून परत खिशात ठेवली.

सिस्टरांचं मराठी पुस्तकी होतं, पण त्या हळू आणि नीट बोलायच्या. त्या म्हणाल्या, समिती दिल्लीला निवेदन देणार आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांनाही हा कायदा लागू व्हावा म्हणून. त्याला असंच एक उदाहरण हवं होतं. फिर्यादीत स्पष्ट ख्रिस्ती लिहिलेलं आणि त्यामुळं न्याय नाकारलेला. "हा कागद महत्त्वाचा आहे," त्या म्हणाल्या.

"सिस्टर," वकीलसाहेब म्हणाले, "तुमच्या निवेदनाला किती वर्षं लागतील ते देवाला ठाऊक. या मावशीला तो माणूस रोज दिसतो."

 सिस्टर म्हणाल्या, "खरं आहे. त्यांनीच ठरवावं."

वकीलसाहेबांकडं एक वाट होती. पुरवणी जबाब द्यायचा. त्यात म्हणायचं की फिर्यादी हिंदू मांग आहे, पहिल्या कागदात चूक झाली. पुरावा म्हणून रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी दाखला जोडायचा. "आहे का कुणाकडं?"

दादा माझ्याकडं बघत नव्हते. मी घरी गेले, पेटीतली लुगडी काढली, दाखला आणला. तो सतरंजीवर ठेवला. पाळकसाहेबांनी तो पाहिला आणि चष्मा पुसायला लागले. आपल्याला जात नाही असं म्हणणारीच्या हातात जातीचा दाखला. माझी तीन वर्षांची फी त्या कागदावर माफ झाली होती.  

पाळकसाहेब आत्याला म्हणाले, "ताई, चर्चची काळजी करू नका. द्या जबाब. प्रभू कागद बघत नाही." त्यांना ते म्हणायला जड गेलं असणार. पण ते म्हणाले.

वकीलसाहेबांनी कागद काढला. "मी सांगतो तसं होऊ द्या. लिहिणाऱ्या मुलीला कायद्याची माहिती नव्हती. तिनं न विचारता मनानं लिहिलं. तिला कळलं नाही. मी अडाणी, मला वाचून दाखवलं नाही. असं लिहू."

आत्या टेकून बसली होती ती सरळ झाली.

"तिला कळलं न्हाई, असं लिवायचं?"

"तसंच लिहावं लागतं, मावशी. नाही तर चूक कुणाची झाली म्हणतील."

"ती बी.ए. झालीय."

"हो, पण..."

"आमच्या सात पिढ्यात कुणी लिवलं न्हाई. तिनं लिवलं. अन् मी ठाण्यात जाऊन सांगू, पोरीला कळत न्हाई म्हणून? त्या जमादाराला?" ती माझ्याकडं बघतही नव्हती. "राहू द्या. तिनं लिवलंय तेच राहू द्या. मी न्हाई खोडणार."

"ताई, इथं पोरीचा प्रश्न नाही," दादा दारातून म्हणाले.

"मग कुणाचा हाय?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं, आत्या, लिहू दे. मला खरंच कळलं नव्हतं. एवढं एक वाक्य. वकीलसाहेब माझ्याकडं बघत थांबले होते; त्यांना माझं तोंड उघडायला हवं होतं. सिस्टरही बघत होत्या. मी सतरंजीवरचा दाखला उचलला आणि त्याची घडी घातली. जुनी घडी होती त्याच रेषेवर. मला त्या वेळी काही वाटल्याचं आठवत नाही. वाईट नाही, लाजही नाही. कानात दडे बसल्यावर होतं तसं झालं होतं. दाखला उलटा घडी घातला गेला म्हणून मी परत उघडून नीट घातला.

वकीलसाहेबांनी कागद पिशवीत ठेवला. "ठीक आहे," म्हणाले. 

समितीचा अहवाल छापून आला. त्यात आत्या होती. 'एक ख्रिस्ती महिला, सुईण' एवढंच. वाचून दाखवलं तर म्हणाली, "नाव न्हाई का?" मी म्हटलं, सुरक्षेसाठी घालत नाहीत. "मला कसली सुरक्षा," म्हणाली. समितीनं कलेक्टरांची भेट घेतली, त्याचा एक उपयोग झाला. वर्षाच्या आत आमच्या वस्तीत वेगळा हापसा बसला. उद्घाटनाला सिस्टर आल्या, मास्तर आले, मास्तरांनी पहिला दांडा मारला आणि स्वतःच्याच पायजम्यावर पाणी घेतलं. बायका हसल्या. आत्या मागं उभी होती.

"आमचा हापसा इकडं आला," ती मला म्हणाली, "म्हंजे त्यांचा तिकडंच राहिला."

तिचं मनगट वाकडं बसलं होतं. बाळंतपणाला बोलवणं बंद झालं. गावातूनही आणि वस्तीतूनही. गावाचं समजण्यासारखं होतं. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, हातात जोर नाही राहिला गं, भीती वाटते. तेही खरंच होतं.

खटला तालुक्याच्या कोर्टात चालला. तारखांवर तारखा. मी तोवर मानवतला शाळेत लागले होते, रजा काढून यायची. आवाज ऐकून पारापाशी आलेली तीन माणसं साक्षीला होती, तिन्ही गावातली. तिघांनीही सांगितलं, आम्ही तेव्हा शेतात होतो. वकीलसाहेबांनी जमेल तेवढं केलं. निकालाच्या दिवशी पट्टेवाल्यानं पुकारा केला, तो माणूस पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. न्यायाधीशसाहेबांनी काहीतरी वाचलं, आमच्यापर्यंत नीट आलंही नाही. तो सुटला. उभा होता तो जेमतेम एक कप चहा पिऊन होईल इतका वेळ.

का मारलंस, असं त्याला कुणी विचारलं नाही. कायद्यात त्याची गरज पडत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर कोर्टासमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. आत्यानं चहा बशीत ओतला, डाव्या हातानं.

"उभा तर राहिला," दादा म्हणाले.

"हं."

"तुला बघायचं होतं ना?"

"बघितलं की," आत्या म्हणाली. फुंकर घालून चहा प्यायली आणि एसटी किती वाजता आहे ते विचारलं.

त्यानंतरच्या जानेवारीत, संक्रांतीला, मी घरी होते. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली. वस्तीत बौद्धांच्या घरांपुढं ढोल वाजायला लागला, पेढे वाटले. आमच्याही दारात पेढे आले. चौथीत असल्यापासून जे ऐकत होते ते झालं होतं. आत्या ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. डाव्या हातानं दाबायची, उजव्यानं नुसतं धरायची.

"म्हंजे नाव बदललं का?"

"बदललं नाही पूर्ण. नवीन नाव आधी घातलं. त्याच्यापुढं मराठवाडा तसंच ठेवलं."

"जुनं खोडलं न्हाई?"

"नाही. वाढवलं."

"दोन्ही लिवले? एकाच पाटीवर?"

"एकाच."

तिनं चार-पाच घाटे सोलले.

"आपल्या कागदात बी तसं लिवता आलं असतं का? ख्रिस्ती अन् मांग. दोन्ही."

"नाही," मी म्हटलं. "कायद्यात तसं नाही."

"कायद्यात न्हाई." तिनं टरफलं पदरात गोळा केली. "तुला तवाच ठाव असतं तर तू काय लिवलं असतंस?"

मी तेव्हाही बोलले नाही. चार वर्षं झाली होती आणि उत्तर सोपं होतं. ढोल जवळ आला, तिनं उठून टरफलं शेळीपुढं टाकली आणि परत येऊन म्हणाली, "उद्या शनवार हाय. आलीच हायेस तर फळ्यावर लिव."

दुसऱ्या दिवशी गेले. नाताळच्या सुट्टीत मी लिहिलेलं वचन तसंच होतं. आत्या दारात उजव्या बगलेत झाडू धरून उभी राहिली. मी फडकं ओलं करून पुसायला लागले. खडू लाकडात मुरला होता, लवकर जाईना. "आत्या, मला कळलं नव्हतं," मी फळ्याकडं तोंड करून म्हटलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "तिकडचा कोपरा राहिला बघ."